पुंगळ्या घासायला काय घ्यायचं? आधी भोक मोजा

दिव्यासमोर एकेक पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, जी पुन्हा भरायची असते, धरायची, तोंडातून आत बघायचं, बुडाच्या भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला की डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवायची. असं करत परवा रात्री अठ्ठावन्न झाल्या. एकोणसाठावीत ठिपका गोल नव्हता, चंद्रकोरीसारखा दिसला.

आधी वाटलं, पुंगळी तिरकी धरली असेन. सरळ धरली, तरी चंद्रकोरच. मग भिंग काढलं. फ्लॅश होलमध्ये, म्हणजे प्रायमरची (बुडात बसवलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) आग बारुदेपर्यंत जाते त्या भोकात, पुंगळ्या घासायला घातलेली स्टीलची एक पिन शिरलेली होती आणि दुसरीचं घासून गोल झालेलं टोक तिच्या कडेला पाचरीसारखं बसलं होतं. पुंगळी उलटी करून टेबलावर आपटली. पिना हलल्यासुद्धा नाहीत.

मग मुद्दाम वजनकाटा काढला. असा दोष वजनावरून कळतो का, हे मला बघायचं होतं. सुमारे १.२ मिलिमीटर जाड, साडेसहा मिलिमीटर लांब अशा एका पिनेचं वजन ०.०६ ग्रॅमच्या आसपास भरतं, दोघींचं मिळून ०.१२. पण या साठ पुंगळ्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या होत्या, आणि मोकळ्या पुंगळ्यांमध्येच आपसांत पाव ग्रॅमपर्यंत फरक निघाला. म्हणजे काट्याला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. ती डोळ्यालाच दिसणार, आणि तीही एकेक पुंगळी बघितली तरच.

तशीच भरली गेली असती तर? भोक अर्धं बंद, म्हणजे बारुदेला आग अपुरी. किंवा पिन सुटून गोळीच्या मागोमाग रायफलच्या नळीतून गेली असती. यातलं काहीही मला माझ्या गालापासून वीतभर अंतरावर घडायला नको आहे.

म्हणून आज हे लिहायला बसले. वापरलेल्या पितळी पुंगळ्या स्वच्छ करायला टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळणाऱ्या यंत्रात) कोणता मीडिया, म्हणजे घासणारा भुगा किंवा पिना, घालावा, हे मला बरेच जण विचारतात. विचारताना बहुतेकांच्या हातात माझी एखादी चकचकीत पुंगळी असते आणि प्रश्न असतो, "अशी चमक कशाने येते?" चमक बऱ्याच गोष्टींनी येते. मी मीडिया निवडते तो दोन गोष्टींवरून: माझ्या पुंगळीचं भोक केवढं आहे, आणि धुऊन-घासून झाल्यावर मी त्या पुंगळीचं पुढे काय करणार आहे.

हे मला रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी शिकवलं. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. मी पहिल्यांदा पुन्हा भरायला शिकत होते तेव्हा माझ्या पुंगळ्यांचा डबा उघडून त्यांनी वरवर हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, सोनं विकायचंय का तुला? नखाने खरवडून बघ. काही लागत नाही ना हाताला? झालं मग." आणि एक पुंगळी उचलून, डोळा बारीक करून, तिच्या बुडातून माझ्याकडे बघितलं.

स्वच्छता कशासाठी, ते आधी. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. मऊ धातू. जमिनीवर पडलेल्या पुंगळीला चिकटलेला वाळूचा एक कण या पितळात रुतून बसतो, आणि पुंगळी मापात आणायच्या डायमध्ये तो गेला की डायच्या पोलादाला ओरखडा पडतो. मग तो ओरखडा त्यानंतरच्या प्रत्येक पुंगळीवर उभ्या रेघेसारखा उमटत राहतो. एका कणासाठी अख्खा डाय खराब झालेला मी पाहिला आहे. दुसरं कारण तपासणीचं. काजळीखाली मानेची चीर दिसत नाही, बुडाच्या जरा वर पडणारा तो पातळ, उजळ पट्टा दिसत नाही, जो पुढच्या वेळी पुंगळी तिथून तुटणार असं सांगत असतो. डाय वाचवायचा आणि चिरा दिसायला हव्यात. माझ्या दृष्टीने स्वच्छता इथे पूर्ण होते.

आता मका. दाणे काढून झाल्यावर उरतं ते बुरकुंड, ते वाळवून दळलेला भुगा. व्हायब्रेटरी टंबलरच्या वाडग्यात हा भुगा आणि पुंगळ्या एकत्र घालायच्या, यंत्र थरथरत राहतं, भुगा पुंगळ्यांभोवती फिरत राहतो. मी भुगा दोन भाग, पुंगळ्या एक भाग असं ठेवते. दोन-तीन तासांत काजळी उतरते. बुरकुंडाचा भुगा तेल आणि ओल शोषून घेतो, पितळाला खरवडत नाही, आणि मानेच्या आतला काजळीचा पातळ थर बऱ्यापैकी तसाच ठेवतो. हा शेवटचा गुण लोकांना दोष वाटतो. मला तो फार मोलाचा वाटतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

पण मका घेताना पिशवीवर आकडा बघा. २०/४० असा आकडा असतो, तो चाळणीचा. इंचाला २० घरं असलेल्या चाळणीतून जो कण पडतो आणि ४० घरांच्या चाळणीवर जो अडतो, तो २०/४०. मिलिमीटरमध्ये म्हणाल तर सुमारे ०.८४ पासून ०.४२ पर्यंत. १४/२० म्हणजे १.४ पासून ०.८४ पर्यंत. आता भोक घ्या. बॉक्सर पद्धतीच्या (बुडात मधोमध एकच भोक असलेल्या) बहुतेक पुंगळ्यांत फ्लॅश होल सुमारे २ मिलिमीटरचं असतं, काही अचूक नेमबाजीसाठी बनवलेल्या पुंगळ्यांत दीड मिलिमीटरचं. १४/२० चे दोन कण शेजारीशेजारी त्या भोकात शिरले की झालं, ते एकमेकांना दाबून धरतात आणि बाहेर येत नाहीत. २०/४० चे दोन कण मिळूनही दोन मिलिमीटर भरत नाहीत, ते निसटून जातात.

हे गणित मी आधी केलं नव्हतं. माझी पहिली पिशवी आणली तिच्यावर आकडा नव्हता, नुसतं "मध्यम" लिहिलेलं होतं. दोनशे पुंगळ्या प्रायमर काढून त्यात घातल्या. छान घासल्या गेल्या. मग बुडाकडून बघितलं तर जवळजवळ प्रत्येक भोकात पिवळे दाणे. भिंगाखाली दोन दाणे खांद्याला खांदा लावून बसलेले दिसायचे, अगदी भोकाच्या मापाचे. संध्याकाळभर मी एक जाड दाभण घेऊन दोनशे भोकं टोकरत होते. दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा भुगा बागेतल्या रोपांच्या बुडाशी पसरला. तो कोरा होता, पुंगळ्यांना लागलेला नव्हता, म्हणूनच तिथे टाकला. वापरलेला भुगा मातीत कधीच टाकू नका, कारण पुढे येईल.

भोक अडण्यावर साधा उपाय म्हणजे कोरड्या मीडियात पुंगळ्या घालताना जुने प्रायमर काढायचेच नाहीत. भोक मागून बंद असलं की दाणा आत अडकून राहत नाही, ओतला की बाहेर येतो. आधी घासायचं, मग डायमध्ये घालून प्रायमर काढायचे. यात प्रायमरचा खळगा मात्र काळाच राहतो. तो मी छोट्या ब्रशने हाताने फिरवून साफ करते. शंभर पुंगळ्यांना वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत प्रत्येक बूड डोळ्याखालून जातं. मला हा वेळ वाया गेला असं कधी वाटलं नाही.

अक्रोडाच्या कवचाचा भुगा मक्यापेक्षा चावरा. कवच फुटतं तेव्हा त्याला धारदार कडा येतात, आणि त्या कडा डाग कातरतात. वर्षभर पावसापाण्यात पडून तपकिरी झालेल्या पुंगळ्यांना मका नुसता गोंजारतो, अक्रोड डाग उतरवतो. पण अक्रोडाने पितळ स्वच्छ होतं तरी मंद दिसतं, चमक येत नाही. म्हणून पुष्कळ जण दोन्ही अर्धे अर्धे मिसळतात. मी मिसळत नाही. डागाळलेल्या पुंगळ्या दीड तास अक्रोडात, चाळून मग तासभर मक्यात. दोन डबे वेगळे ठेवले की कोणता भुगा कधी संपला ते कळतं, मिसळल्यावर काहीच कळत नाही. पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला अक्रोडाचा बारीक भुगा मिळतो, तो या कामाला चालतो. इथेही कण बारीक बघून घ्यायचा, भोकाचं माप विसरायचं नाही.

लाल रंगाचा तयार अक्रोड मी एकदाच वापरला. त्यात रूज असतं, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची अगदी बारीक पूड, दागिने घासायला वापरतात ती. पुंगळ्या सुंदर निघाल्या. पण ती लाल पूड मानेच्या आत, खळग्यात, माझ्या बोटांच्या रेघांत, टेबलाच्या कापडावर, सगळीकडे. मानेच्या आतून ती पुसायला प्रत्येक पुंगळीत नायलॉनचा ब्रश फिरवावा लागला. ज्याला पुंगळ्या दाखवायला ठेवायच्या आहेत त्याने जरूर वापरावा. मी नाही वापरणार.

चमक हवीच असेल तर मक्यात एक-दोन झाकणं द्रवरूप पॉलिश घाला. गाड्यांच्या रंगावर लावतात ते मेणाचं पॉलिश चालतं, आणि त्याचा पातळ थर पुंगळीवर राहिला की ती लवकर काळवंडत नाही. पण बाटलीमागचं वाचा. अमोनिया असेल तर पितळाच्या जवळपासही नेऊ नका. हे मी आग्रहाने सांगते, कारण भांडी घासायच्या पितळी पॉलिशमध्ये अमोनिया असू शकतो आणि भांड्याला चालतो म्हणून पुंगळीलाही चालेल असं सहज वाटतं. ब्रिटिश सैन्याने भारतात पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला होता. बाहेर काढला तर पितळी पुंगळ्यांना चिरा, विशेषतः गोळी जिथे आवळून बसवलेली असते तिथे. कारण नीट समजलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि पितळ थंड स्थितीत ओढून-ठोकून घडवताना त्यात कोंडलेला ताण, या दोन्हींनी मिळून धातू चिरला होता. आपली पुंगळी तर प्रत्येक वेळी उडते, फुगते, डायमध्ये दाबली जाते. ताण तिच्यात साठतच असतो. त्यात अमोनिया आपण स्वतःच्या हाताने कशाला घालायचा?

पॉलिश घालताना एक चूक माझ्या हातून झाली होती. पुंगळ्या वाडग्यात होत्या आणि मी वरून पॉलिश ओतलं. ते भुग्यात पसरायच्या आधी पुंगळ्यांच्या आत गेलं, तिथे भुगा त्याला चिकटला आणि बुडाशी चिखलासारखे गोळे होऊन वाळले. आता मी पॉलिश घालून यंत्र पंधरा मिनिटं नुसतं चालवते. भुगा हातात घेतल्यावर गुठळी राहिली नाही, की मग पुंगळ्या.

आता धूळ. या भागावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. साध्या प्रायमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफ्नेट. ते जळल्यावर शिसं काजळीत राहतं, काजळी भुग्यात उतरते, आणि वापरलेल्या कोरड्या भुग्याची धूळ म्हणजे शिशाची धूळ. शिसं शरीरात साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची इजा फार लवकर होते. माझी भाची रांगत होती तेव्हा मी टंबलर घरातून कायमचा बाहेर नेला. तेव्हापासून तो उघड्यावरच चालतो, झाकण लावून. चाळायचं कामही झाकणाच्या चाळणीत, तोंडावर मास्क, वाऱ्याकडे पाठ. भुग्यात ओल्या कागदी रुमालाचे चार तुकडे टाकते, ते धूळ धरतात आणि काळेकुट्ट होऊन बाहेर येतात. काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला, फोनला, कशालाच लावायचे नाहीत. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. आणि स्वयंपाकघरातली चाळणी, पातेलं, चमचा एकदा या कामाला घेतला की तो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही.

भुगा राखाडी झाला आणि कागदाचे नवे तुकडेही लगेच काळे व्हायला लागले की तो संपला समजा. पिशवीत बांधून, घातक कचऱ्याची जी सोय असेल तिथे द्या.

तांदूळ वापरतात काही जण. मी करून पाहिलं. घासतो थोडंफार, पण दाणा फ्लॅश होलमध्ये बरोबर टोकाने शिरतो आणि तुटतो. तेवढ्यावर तो विषय माझ्यापुरता संपला.

स्टीलच्या पिनांचा विषय मोठा आहे, आणि तो आमच्या घरात दोन पक्ष पाडणारा आहे. माझा मोठा भाऊ पिनांच्या बाजूचा. त्याचा फिरता पिंप आहे, रबराचं अस्तर असलेला. त्यात तो सुमारे सव्वादोन किलो पिना, जेमतेम एक किलो पुंगळ्या, साडेतीन लिटर पाणी, भांड्यांच्या साबणाचे काही थेंब आणि पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालतो. दोन तासांनी जे निघतं ते बघून कुणीही थक्क होईल. बाहेर, आत, प्रायमरचा खळगा, सगळं नव्या पुंगळीसारखं. धूळ अजिबात नाही, शिसं पाण्यात राहतं. ते काळं पाणीही जपूनच टाकायचं असतं, पण श्वासात काही जात नाही. हा पिनांचा फार मोठा गुण आहे, तो मी मान्य करते. दुसरा गुण, पुंगळीच्या आतलं सगळं दिसतं. वाकवलेल्या तारेचं टोक आत घालून बुडाच्या वर ओढलं तर सुरू होणारी खाच हाताला लागते, ती स्वच्छ पितळात डोळ्यालाही दिसते.

मग मी पिनांच्या विरोधात का? मी विरोधात नाही. पण तीन गोष्टी त्यांच्यामुळे माझ्या मागे लागल्या.

पहिली, मान फार स्वच्छ होते. पिनांतून निघालेल्या ३०८ च्या (हे रायफलच्या काडतुसाचं एक माप) पुंगळीत गोळी बसवताना प्रेसच्या दांड्याला वेगळाच अडखळता जोर लागतो, कोरड्या काचेवर ओलं बोट घासावं तसं. कोऱ्या पितळाला गोळीचं तांब्याचं आवरण धरून ठेवतं. मक्यातून निघालेल्या पुंगळीत मानेच्या आत राहिलेला काजळीचा थर वंगणाचं काम करतो, गोळी सारख्याच जोराने आणि गुळगुळीत बसते. मी लांब पल्ल्यावर मारते, मला शंभर पुंगळ्यांत शंभरदा सारखा जोर हवा असतो. दादा मानेच्या आत ग्रॅफाइटची पूड लावतो. मी त्याला म्हटलं, "दादा, एक वंगण धुऊन काढायचं आणि दुसरं लावायचं, कशासाठी?" तो म्हणाला, "माझं मी लावलेलं असतं गं, किती लावलं ते मला माहीत असतं." त्याचं उत्तर बरोबर आहे. पण माझा हात मक्याला बसला आहे.

दुसरी, आम्लाचं प्रमाण. एकदा डाग जास्त होते म्हणून मी दुप्पट घातलं आणि रात्रभर पिंप चालू ठेवलं. सकाळी पुंगळ्या गुलाबी. आम्लाने पृष्ठभागावरचं जस्त खाल्लं आणि वर तांब्याची झाक आली. शिवाय इतके तास तोंडं एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा ठोकल्यासारख्या चपट्या झाल्या, आत-बाहेर बारीक ओठ आला. चाळीसच्या चाळीस तोंडं कापून, कडा मारून सारखी करावी लागली. तेव्हापासून दोन तासांच्या वर नाही, पाणी भरपूर, आणि लांबी कापायची असेल तर ती पिनांनंतर, आधी नाही.

तिसरी गोष्ट ती, जिच्यापासून मी सुरुवात केली. ओल्या पद्धतीत प्रायमर आधी काढावेच लागतात, नाहीतर खळग्यात पाणी अडतं आणि वाळत नाही. म्हणजे भोक उघडं. उघडं भोक २ मिलिमीटर, पिन १.२. एक पिन आरपार जाते, दोन जाऊ शकत नाहीत, आणि तिथेच अडतात. शिवाय २२३ च्या (हे ३०८ पेक्षा बारीक काडतूस) मानेचं आतलं माप ५.७ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि पिन साडेसहा लांब. आत आडवी पडलेली पिन उभी झाल्याखेरीज बाहेर येतच नाही. ३०८ ची मान पावणेआठच्या पुढे, तिथून पिना पाण्यासारख्या ओतल्या जातात. म्हणजे एकाच पिंपातल्या त्याच पिना एका पुंगळीला कमी धोक्याच्या आणि दुसरीला जास्त. भोक मोजा असं मी म्हणते ते याच्यासाठी. २२३ साठी पिनांऐवजी स्टीलचे बारीक चपटे तुकडेही मिळतात, ते अडत नाहीत आणि तोंडंही कमी ठोकली जातात असा दादाचा अनुभव आहे. सिरॅमिकचे तुकडेही असतात, पण ते आतल्या कोपऱ्यात नीट पोचत नाहीत.

पिना वेगळ्या करताना पुंगळ्या पाण्याखाली बुडवून उलट्या करा, हवेत नाही. ओल्या पिना पुंगळीच्या भिंतीला चिकटतात, पाण्यात सुटतात. मग चुंबक फिरवा, बहुतेक पिना थोड्याफार ओढल्या जातात. शेवटचं खळबळणं शुद्ध पाण्यात केलं तर वाळल्यावर डाग राहत नाहीत. वाळवायला जुना टॉवेल, पंखा आणि एक अख्खा दिवस. ओव्हनची घाई करू नका. जेवणाच्या ओव्हनमध्ये तर शिशामुळे नाहीच, आणि वेगळा ओव्हन असला तरी शंभर अंशांच्या आतच, बूड मऊ पडलेली पुंगळी हातात फुटू शकते.

आता माझ्या कपाटात तीन डबे आहेत. एकावर लिहिलंय "मका २०/४०", तो दर आठवड्याला निघतो. दुसऱ्यावर "अक्रोड, डागांसाठी". तिसऱ्यात दादाकडून आणलेल्या पिना, आणि त्याच्यावर मी परवा लाल शाईने लिहिलं, "२२३ नाही".

त्या एकोणसाठाव्या पुंगळीतली पहिली पिन मी बारीक टोकाच्या पक्कडीने आतून ओढून काढली, दुसरी मग आपोआप पडली. भिंगातून पाहिलं तर ओढताना भोकाच्या कडेला खरवड पडली होती, भोक एका बाजूला लांबट झालं होतं. पुंगळी बाकी अगदी धड होती, मान चांगली, बूड घट्ट. पक्कडीने तिचं तोंड पूर्ण चेपलं, म्हणजे पुन्हा कुणी चुकून उचलणार नाही, आणि भंगाराच्या डब्यात टाकली. मग साठावी दिव्यासमोर धरली.